नाशिक फाटामार्गे आयर्लंड: मेथीची जुडी आणि चार खस सोडे

आयर्लंडला जायचं तर व्हिसा, गरम कपडे आणि बँकेत बरीच शिल्लक लागते, असं ऐकून आहे. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी गेलो ते एका थापेच्या जोरावर, आणि गेलो ते पिंपळे सौदागरपर्यंत. चाकणपासून अंतर पंचवीसेक किलोमीटर, वेळ पावणेदोन तास, त्यातला पाऊण तास एकाच चौकात. ज्यांना असाच प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो. थाप मात्र ज्याने त्याने आपापली आणावी.

थापेची हकीकत आधी सांगायला हवी. मी चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात. फेब्रुवारीत एक नवं मशीन आलं आणि ते चालू करून द्यायला आयर्लंडहून ब्रायन नावाचे गृहस्थ आले. वय साठीच्या आसपास, उंची दाराला वाकावं लागेल इतकी, बोलणं कमी. दोन महिने राहणार होते. एक दिवस कॅन्टीनमध्ये डाळभात कालवताना ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात सतरा तारखेला आमचा सेंट पॅट्रिकचा सण. बऱ्याच वर्षांनी त्या दिवशी घरी नसेन. तुम्हाला इकडे माहीत नसेल म्हणा."

मी म्हणालो, "माहीत आहे की. आम्ही दरवर्षी करतो."

हे मी का म्हणालो, ते कारखान्यात काम केलेल्यांना लगेच कळेल. आमच्याकडे ऑडिटचा एक अलिखित नियम आहे. बाहेरचा माणूस काहीही विचारो, "नाही" म्हणायचं नाही. तो म्हणाला, अमुक नोंदवही आहे का, तर "आहे" म्हणायचं, त्याला चहा पाजायचा आणि चहा संपेपर्यंत नोंदवही तयार करायची. बारा वर्षांच्या नोकरीत ही सवय इतकी हाडात मुरली आहे की मला कुणी विचारलं, तुझ्याकडे हत्ती आहे का, तर मी म्हणेन, आहे, सर्व्हिसिंगला दिलाय.

ब्रायनना इतका आनंद झाला की ते जेवायचे थांबले. म्हणाले, "मागच्या वर्षीचा फोटो आहे का? आईला पाठवतो." त्यांची आई पंच्याऐंशीची, एका खेड्यात एकटी राहते. मी म्हणालो, "आहे." संध्याकाळी बसून कंपनीचे जुने फोटो चाळले. हिरवा रंग ज्यात भरपूर आहे असा एकच फोटो सापडला, तो वृक्षारोपणाचा. आम्ही अकरा जण हातात रोपं धरून हसत उभे. तो मी पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी ब्रायन सांगत आले की आईने तो फोटो चर्चमध्ये सगळ्यांना दाखवला आणि यंदाच्या फोटोची सगळं गाव वाट बघतंय. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मदतीला दोघांना घेतलं. एक मेघना, क्वालिटी विभागात आहे, मूळची चिपळूणची, हल्ली मोशीला राहते. तिच्याकडे स्वतःची गाडी आहे आणि प्रत्येक गोष्टीची चेकलिस्ट. दुसरे दत्ताभाऊ, आमच्या लाइनचे सुपरवायझर. राजगुरुनगरच्या पुढे त्यांचं गाव, घरची शेती. मेघनाने माझी हकीकत ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे तू रेकॉर्ड बॅकडेटेड केलंस. आता निदान यंदाचं तरी खरं करू." तिने यादी काढली: हिरवे टीशर्ट, पब, आणि तीन पानांची एक वनस्पती, जी त्या दिवशी आयरिश माणसं छातीला लावतात.

"तीन पानाचं म्हंजी बेल," दत्ताभाऊ म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई पण. महादेवाचा बेल बारमधी न्यायचा म्हंजी बरं न्हाई. मेथी चालंल का? मेथीला बी तीनच पानं असत्यात."

चेकलिस्टमध्ये मेथी लिहिली गेली.

तारखेचा घोळ इथे झाला. यंदा सतरा मार्च सोमवारी आला. सोमवारी लाइन चालू, नवं मशीन मार्गी लागेपर्यंत रजा मिळणं शक्य नाही. आमच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. इथे वाढदिवस, साखरपुडे, सत्यनारायण, सगळं गुरुवारी सरकवतात. आम्हीही सवयीने आयर्लंडचा सण तीन दिवस पुढे, गुरुवारी ढकलला. गुरुवार म्हणजे आणखी काय काय असतं, याचा विचार आमच्यातल्या एकानेही केला नाही.

गुरुवारी सकाळी मी देहूरोडहून निघालो. अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात बसून पेपर वाचत होते. त्यांची सगळी नोकरी इथल्या दारूगोळा कारखान्यात गेली आणि घरात दारूचा थेंब कधी आला नाही. आमच्याकडे पंचशील नुसतं म्हणत नाहीत, पाळतात, आणि त्यातलं पाचवं अण्णा जरा जास्तच कडक पाळतात. माझा हिरवाकंच टीशर्ट बघून त्यांनी चष्मा वर केला.

"कुठं?"

"साहेबांचा सण आहे. पिंपळे सौदागरला जेवायला."

मी पब म्हणालो नाही. दिवसाची सुरुवातच अशी झाली.

तळवड्याच्या रस्त्याने मोशी गाठली, मोटारसायकल मेघनाच्या सोसायटीत लावली आणि तिच्या गाडीने आम्ही चाकणला गेलो. दत्ताभाऊ राजगुरुनगरच्या एसटीने येऊन आंबेठाण चौकात उभे होते. अंगात हिरवा टीशर्ट, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मेथीच्या चार जुड्या. ब्रायनना त्यांच्या हॉटेलवरून घेतलं. ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, वर हिरवा टाय. टाय आईने सामानात घालून दिला होता म्हणे. 

जाणाऱ्यांसाठी सूचना. चाकणच्या चौकात गुरुवारी कंटेनर कमी असतात असं सगळे सांगतात. ते कमी असतात म्हणजे शंभरच्या जागी ऐंशी असतात. खिडक्या वर ठेवा, पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि पुढच्या ट्रकच्या पाठीवर जे काही लिहिलं असेल ते सावकाश वाचा, कारण वेळ भरपूर असतो. आम्ही त्या वेळात सगळ्यांच्या छातीला मेथी टाचली. ब्रायननी एक पान तोडलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि बराच वेळ हातातच धरून ठेवलं. म्हणाले, "हे आमच्या पानाचं सख्खं भावंड दिसतंय." मग सांगायला लागले, की त्या संताने असंच एक पान दाखवून लोकांना समजावलं होतं, देव तीन रूपांत असतो तरी एकच असतो.

मी मराठीत सांगितल्यावर दत्ताभाऊ पुढच्या सीटवरून मागे वळले. "मंग हे आमचे दत्तगुरूच की. तीन तोंडं, एक देव. आन् आज वार बी गुरुवार."

"त्या संताने देशातले सगळे साप हाकलून दिले, असंही म्हणतात," ब्रायन म्हणाले.

हेही मी सांगितलं. दत्ताभाऊंना ते पटलं नाही. "साप घालवले तर उंदरं कोण खाणार? ह्यांना शेती न्हाई का?"

हा प्रश्न मी इंग्रजीत पोचवला तेव्हा ब्रायन खूप हसले. त्यांना महिनाभरात इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मोशी, भोसरीचा उड्डाणपूल, मग नाशिक फाट्याचा तो एकावर एक चढलेला पूल. इथे डावी बाजू चुकली की माणूस पुण्याच्या दिशेने लागतो, तेव्हा आधीपासून लक्ष ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं, त्यामुळे दापोडी बघून आलो. कोकणे चौकापाशी पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते.

पबचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही. जागा छान होती. गारवा, लाकडी टेबलं आणि छताला हिरव्या पताका. फक्त एक पोऱ्या शिडीवर चढून त्या पताका उतरवत होता. सण सोमवारी होऊन गेला होता. त्या दिवशी म्हणे पाय ठेवायला जागा नव्हती. आज दुपारी गिऱ्हाईक म्हणजे आम्ही चौघे, छातीवर भाजी लावून.

वेटर आला. तरुण, चुणचुणीत, बोलण्यावरून परभणीकडचा. त्याने दारूचा मेनू आधी दत्ताभाऊंसमोर ठेवला.

दत्ताभाऊंनी तो दोन बोटांनी परत सरकवला. "मला नको. गुरुवार हाय."

मला तेव्हा लख्ख उजेड पडला. दत्ताभाऊंचा बारा वर्षांचा गुरुवार आहे. चाकणमधल्या निम्म्या सुपरवायझरांचा आहे. सगळ्या आठवड्यात पबला जायला जो वार सगळ्यात वाईट, तोच आम्ही निवडला होता.

"मॅडम?"

"मी गाडी चालवतेय."

"सर, तुम्ही?"

मी म्हणालो, "मी घेत नाही." बारा वर्षं मी हे "आज पोट बरं नाही" असं सांगून निभावलं होतं. आज खरं बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून बोललो.

मग आम्ही तिघांनी ब्रायनकडे पाहिलं. आता सणाची सगळी अब्रू त्यांच्या हातात होती. त्यांनी घसा साफ केला. "मी अकरा वर्षांपूर्वी सोडली. डॉक्टरांनी सांगितलं आणि आईनेही. पण तुम्ही इतकं ठरवलं होतं, म्हटलं, मी कशाला तुमच्या वार्षिक कार्यक्रमात खोडा घालू."

वेटरने वही मिटली. "मंग सर," त्याने अगदी आदराने विचारलं, "इकडं कामून आलात?"

 मेघनाने विचारलं, हिरव्या रंगाचं काही आहे का. त्याने खसचं सरबत सोड्यात घालून चार ग्लास आणले. खायचं गुरुवारमुळे शाकाहारीच, म्हणून हराभरा कबाब, पालकाचे रोल आणि पुदिन्याची चटणी. टेबल इतकं हिरवं झालं की खुद्द आयर्लंडमध्येही होत नसेल. दोन बिअरच्या पैशात चौघांचं पोटभर जेवण होतं, ही माहिती कुणाच्या उपयोगी पडली तर बघा. वेटरने त्या पोऱ्याला सांगून चार पताका आमच्या डोक्यावर पुन्हा बांधायला लावल्या आणि स्वतः फोटो काढला.

इथेच संपलं असतं तर मी हा लेख विनोदी म्हणून खपवला असता.

ब्रायननी फोटो आईला पाठवला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते, म्हातारी उठलेली असणार. मिनिटभरात तिचा व्हिडिओ कॉल आला. पांढरे केस, मागे खिडकी, खिडकीत पाऊस. तिने एकेकाला नमस्कार केला, मेथीची चौकशी केली आणि मग ब्रायनला म्हणाली, "तो फोटोवाला मुलगा कुठाय?" फोन माझ्या हातात आला.

"बाळा, मला एक सांग," ती म्हणाली. "मागच्या वर्षीच्या फोटोत तुम्ही सगळ्यांनी रोपं धरली आहेत. संतासाठी झाड लावायची तुमची पद्धत आहे का? आमच्या फादरना फार आवडलं. आपल्याकडेही सुरू करू म्हणतात."

एका अख्ख्या गावात माझ्यामुळे नवी प्रथा सुरू होणार होती. "आहे" म्हणणं अगदी तोंडावर आलं होतं. पण तिचे डोळे स्क्रीनच्या इतके जवळ होते आणि ती इतकी मनापासून ऐकत होती, की मला ते जमेना.

मी म्हणालो, "आजी, तो फोटो वृक्षारोपणाचा आहे. आम्ही हा सण कधीच केला नाही. आज पहिल्यांदा. मी तुमच्या मुलाशी खोटं बोललो."

 म्हातारीने विचार केला आणि विचारलं, "पण झाडं जगली का?"

"दोन जगली."

"अकरातली दोन," ती म्हणाली आणि खळखळून हसली. आमच्या फादरच्या झाडांपेक्षा बरंच आहे म्हणाली. मग ब्रायनला उन्हात टोपी घाल असं सांगून तिने फोन ठेवला.

ब्रायन मात्र हसले नाहीत. ग्लास गोल फिरवत बसले. मग म्हणाले, "मी गावात सगळ्यांना सांगितलं होतं. इतक्या लांब आलो तर इथेही आपला दिवस पाळतात, याचं मला बरं वाटलं होतं." आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मला मनापासून लाज वाटली. मी माफी मागितली, आणि ती ऑडिटमधल्यासारखी नव्हती.

"मग तुमचा असा दिवस कुठला?" त्यांनी विचारलं. "खरा. दरवर्षीचा."

मी म्हणालो, "आमच्याकडे बरेच सण असतात, दिवाळी, गणपती..." आणि पाणी प्यायलो.

दत्ताभाऊंना इंग्रजी बोलता येत नाही पण थोडंफार समजतं. कबाबचा तुकडा खाली ठेवून ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सांगा की सर. चौदा एप्रिल."

मी कागदी रुमालाची घडी घालायला लागलो.

"सात वरसं तुमच्या शेजारी काम करतोय. दर साली चौदाला तुमी रजा टाकता. पंधराला येता तवा नखात निळा रंग असतो. आमी इचारत न्हाई, तुमी सांगत न्हाई. दिवाळीला तुमी आमच्या घरी येता, फराळ करता. तुमी एकदा बी बोलावलं न्हाई." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "वाईट वाटतंय माणसाला."

मला वाटत होतं, लपवणारा मी आहे म्हणजे दुखणंही माझंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी आडनाव विचारतात, मग गाव, मग गावातली आळी, आणि माणूस शिकत जातो की कुठे थांबायचं. या कंपनीत मला कुणी वावगं बोललं नव्हतं. तरी आधीच्या एका ठिकाणची सवय मी सोबत घेऊन आलो होतो. कारखान्याला चौदा एप्रिलची सुट्टी नसते. रजेच्या अर्जावर दरवर्षी लिहायचो, "घरगुती काम". ज्याने परक्या देशाच्या सणाचे खोटे पुरावे तयार केले, त्यानेच आपल्या घरच्या सणाचे खरे पुरावे नखांतून घासून काढले होते. आणि हे सगळं एका माणसाला दिसत होतं, आणि तो सात वर्षं बोलवण्याची वाट बघत होता.

मेघना हळूच म्हणाली, "मलाही कुणी बोलावलेलं नाही, हे नोंदवून ठेव."

मी ब्रायनना सगळं सांगितलं. बाबासाहेब कोण, निळा रंग का, देहूरोडच्या बुद्धविहारापासून मिरवणूक कशी निघते, अण्णा त्या दिवशी पहाटे चारला उठून पांढरा सदरा कसा स्वतः इस्त्री करतात. बोलता बोलता मला कळलं की या विषयावर मी कंपनीतल्या कुणाशी सलग पाच मिनिटं पहिल्यांदाच बोलतोय. ब्रायन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुझ्याकडे स्वतःचा इतका चांगला दिवस होता, आणि तू मला माझाच परत विकलास." आता ते हसत होते. त्यांनी खिशातली डायरी काढून तारखा पाहिल्या. "सतरा मार्च सोमवार. चौदा एप्रिलही सोमवार. बरोबर चार आठवडे." पुढे घरी येऊन मी तपासलं, दोन्ही तारखा दरवर्षी एकाच वारी येतात. इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं.

पण ब्रायनचं परतीचं विमान पाच एप्रिलला होतं. "मला फोटो पाठव," ते म्हणाले. "त्या दिवसाचाच."

मी तिथेच दत्ताभाऊंना आणि मेघनाला बोलावलं. दत्ताभाऊंनी विचारलं, "किती वाजता?" एवढंच.

परतीचा रस्ता सोपा आहे, फक्त संध्याकाळी भोसरीच्या पुढे गाडी सरकत नाही. ब्रायनना हॉटेलवर सोडलं तेव्हा छातीवरची मेथी त्यांनी डायरीत दाबून ठेवली. उरलेल्या जुड्या दत्ताभाऊंनी माझ्या हातात दिल्या. घरी पोचलो तर अण्णा तिथेच बसले होते. मी त्यांना पबपासून सगळं सांगितलं. पबच्या नावाला त्यांनी फक्त चष्मा वर केला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो दत्ता, त्याला गोड काय आवडतं?" त्या रात्री आम्ही आयर्लंडचं बोधचिन्ह लसणाच्या फोडणीत परतून भाकरीबरोबर खाल्लं.

यंदाच्या रजेच्या अर्जात मी कारण लिहिलं, "आंबेडकर जयंती". साहेबांनी न वाचता सही केली.

चौदाला सकाळी रजा टाकून दत्ताभाऊ, वहिनी आणि दोन्ही मुली देहूरोडला उतरले. पाठोपाठ मेघना आली. दत्ताभाऊ दारात थांबले, चपला काढल्या आणि अण्णांना म्हणाले, "जय भीम, काका." अण्णांनी "जय भीम" म्हटलं. त्यांनी सरळ दत्ताभाऊंचा हात धरून त्यांना आत नेलं आणि खिरीची वाटी पुढे केली. मी स्वयंपाकघरात उगाच काहीतरी शोधत उभा राहिलो.

मिरवणुकीत सगळ्यांचा फोटो काढला, अण्णा मध्यभागी. तो ब्रायनना पाठवला. आईचा निरोप त्यांच्याकडून आला: "हा फोटो बघून कळतं, हे दरवर्षी होतं."

आयर्लंड कसं वाटलं, असं विचाराल तर फारसं सांगता येणार नाही. हिरवा टीशर्ट अण्णा आता झाडांना पाणी घालताना वापरतात. खस सोडा मात्र घरी करून बघा, चांगला लागतो.

पंधराला कामावर गेलो. चहाच्या वेळेला लाइनवर पाचसहा जणांचा घोळका जमला होता. मध्ये दत्ताभाऊ उभे होते, त्यांच्या नखांत निळा रंग होता, आणि कुणी विचारायच्या आधीच ते सांगत सुटले होते.